आठवी-नववीत लैंगिक शिक्षण घ्यायचं तर सुरुवात नकारापासून करा

मॅडम, तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात असं की तुम्ही मनपाच्या शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवता, नववीतल्या एका मुलीच्या दप्तरात एका मुलाची चिठ्ठी सापडली, स्टाफरूममध्ये बोभाटा झाला आणि एचएम (मुख्याध्यापक) सरांनी सांगून टाकलं की मॅडम तुम्ही सायन्सच्या, तुम्हीच या पोट्ट्यांचं एक सेशन घेऊन टाका. गेल्या वर्षी बाहेरून डॉक्टर बाई आल्या होत्या तेव्हा मुलांना ग्राउंडवर पाठवलं आणि मुलींना पाळीबद्दल अर्धा तास सांगितलं, तरी एका मुलीचे वडील दुसऱ्या दिवशी गेटवर भांडायला आले. म्हणून तुम्ही विचारताय की किती सांगायचं, एकत्र बसवायचं की वेगळं, पालक चिडले तर काय, आणि मुळात आपल्या राज्यात यावर बंदी आहे ना.

मी बरीच वर्षं नागपुरातल्या मनपा शाळा आणि कामठी, हिंगणा, उमरेडकडच्या जिल्हा परिषद शाळांमध्ये हेच काम करते, मुलांचे तासही घेते आणि शिक्षकांचं ट्रेनिंगही. "किती सांगायचं" हा प्रश्न प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सगळ्यात आधी येतो, पण थोडं बोलत बसलं की त्याच्याखाली दुसरीच भीती निघते. मुलांनी उलट काही विचारलं तर? एखाद्या मुलीनं तास संपल्यावर येऊन स्वतःचंच काही सांगितलं तर मी काय करू? माझ्या मते खरा प्रश्न हा आहे. याची तयारी असेल तर किती सांगायचं हे वर्ग स्वतःच तुम्हाला दाखवतो, आणि ही तयारी नसेल तर कितीही चांगला पीपीटी आणला तरी उपयोग नाही. शिवाय एका सेशनमध्ये हे होत नाही हे एचएम सरांना आधीच सांगा. चाळीस-चाळीस मिनिटांचे निदान चार तास मागा, आठवड्याला एक असे.

बाकी बरंच काही तुमच्या शाळेवर अवलंबून आहे हेही आधीच कबूल करते. मराठी माध्यमाचा वर्ग, हिंदी माध्यमाचा, उर्दू माध्यमाचा, यांचं बोलणं आणि लाजणं वेगळं असतं. वस्ती कोणती, एचएम तुमच्या पाठीशी किती उभे राहतात, शाळेत एखादे समजूतदार पुरुष शिक्षक आहेत का, यावर खूप फरक पडतो. त्यामुळे मी सांगते ते जसंच्या तसं उचलू नका.

आधी बंदीचं निपटवू. २००५ मध्ये केंद्रानं किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आणला होता आणि २००७ मध्ये महाराष्ट्रासकट काही राज्यांनी तो बंद केला, चित्रं अश्लील आहेत वगैरे म्हणून. लोकांच्या डोक्यात तेच बसलंय. त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलं. २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला, १० ते १९ वयासाठी. २०२० मध्ये आयुष्मान भारत अंतर्गत शाळा आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, त्यात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, यांना ट्रेनिंग देऊन त्यांच्याकडून तास घ्यायचे असं ठरलंय. त्याचे अकरा विषय आहेत आणि त्यात परस्पर नातेसंबंध, लिंगसमानता, प्रजनन आरोग्य आणि एचआयव्ही प्रतिबंध, हिंसेपासून सुरक्षितता, इंटरनेटचा सुरक्षित वापर हे सगळं सरकारी कागदावर लिहिलेलं आहे. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या विज्ञानात तर मानवी प्रजनन संस्था, मासिक पाळीचं चक्र, आयव्हीएफ, सरोगसी सगळं आहे, अर्धे शिक्षक तो धडा "घरी वाचून घ्या" म्हणतात ते सोडा. आणि सुप्रीम कोर्टानं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये म्हटलं की लैंगिक शिक्षण नववीपासून कशाला, त्याच्या आधीपासूनच द्यायला हवं. तेव्हा तुम्ही काही चोरून करत नाही आहात. एचएम सरांना एवढंच विचारा की त्या दोन शिक्षकांमध्ये आपल्या शाळेतून कोणाची नावं गेली आहेत. बहुतेक वेळा कोणाची तरी गेलेली असतात आणि त्यांना स्वतःलाही ते आठवत नसतं.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक लोक सुरुवात शरीराच्या आकृतीपासून करतात, म्हणजे पहिल्याच दहा मिनिटांत गर्भाशयाचं चित्र आणि मागच्या बाकावरून खीखी. मी सुरुवात नकारापासून करते. कारण आपल्या भागातल्या पोरांना आकृती आज ना उद्या मोबाइलवर मिळणारच आहे (आणि बरंच काही चुकीचंही मिळणार आहे), पण समोरची मुलगी नाही म्हणाली तर त्या रात्री स्वतःचं काय करायचं हे त्यांना कोणीच सांगत नाही. फेब्रुवारी २०२० मधलं हिंगणघाट आठवा. एक तरुण प्राध्यापिका कॉलेजला जात होती, तिच्या मागे लागलेल्या माणसानं तिला भररस्त्यात पेटवलं, आठवडाभर इथे आपल्या नागपुरात दवाखान्यात झुंजून ती गेली. तेव्हा फाशी द्या म्हणून मोर्चे निघाले, ते ठीकच, पण असा माणूस पंचविशीत अचानक तयार होत नाही. "पोरगी आधी नाहीच म्हणते, मग पटते" हे तो तेरा-चौदाव्या वर्षी कोणत्यातरी पानठेल्यावर शिकलेला असतो. आणि त्याच वयाचा वर्ग तुमच्यासमोर बसलेला आहे.

मी वर्गात करते ते असं. एक साधी गोष्ट सांगते, नावं त्या शाळेत नसलेली घ्यायची. नववीतला मुलगा शेजारच्या तुकडीतल्या मुलीला इन्स्टावर रिक्वेस्ट पाठवतो, ती घेत नाही. मग तो मैत्रिणीच्या हातून निरोप पाठवतो, ती काही बोलत नाही, नुसती हसते. आता त्यानं काय करावं? एवढं विचारून गप्प बसायचं. मुलांकडून पटापट येतं, "भाव खाऊन राहिली मॅडम", "अजून एकदा विचारायचं", "हसली म्हणजे फसली". मुली पहिली पाच मिनिटं काहीच बोलत नाहीत. मग मी मुलींना बोलायला लावत नाही, कागद देते आणि सगळ्यांना लिहायला सांगते की ती काहून हसली असेल. नाव लिहायचं नाही. मग ते कागद एकेक वाचते. घाबरली म्हणून हसली. सगळे बघून राहिले होते म्हणून हसली. काय बोलावं सुचलं नाही म्हणून हसली. नाही म्हटलं असतं तर त्याने शिवी दिली असती म्हणून हसली. हे वाचताना मागच्या बाकांचा आवाज बंद होतो, दर वेळी. मुलांना खरंच माहीत नसतं, ते सगळे काही वाईट नसतात.

एकदा उमरेड रोडवरच्या एका शाळेत एक मुलगा उभा राहून म्हणाला, "मग मॅडम, विचारायचंच नाही का कधी?" मला हा प्रश्न फार आवडतो आणि त्याला डाफरायचं नाही. उत्तर सरळ द्या. आवडणं गुन्हा नाही, या वयात कोणीतरी आवडणारच. विचारायचं तर एकदा, एकट्यानं, मित्रांचा घोळका न घेता, आणि तिला न अडवता. नाही आलं की संपलं. गप्प राहणं, विषय बदलणं, "बघू" म्हणणं, हसून पळून जाणं हे सगळं नाहीमध्येच धरायचं. आणि हेच मुलींनाही लागू, कारण मुलांना चिडवून चिडवून हैराण करणाऱ्या मुलीही मी पाहिल्यात आणि मुलगा तक्रार करू शकत नाही, त्याला सगळे हसतात.

यात दोस्त लोकांचा भाग सगळ्यात मोठा आहे आणि त्यावर फार कमी बोललं जातं. एखाद्याला एक मुलगी आवडते हे कळलं की अख्खी गँग तिला "वहिनी" नाहीतर "भाभी" म्हणायला लागते. ती पाणी प्यायला नळावर गेली की मागून "भाऊ, वहिनी आल्या". आता त्या पोराला माघार घ्यायची असली तरी त्याची इज्जत पणाला लागलेली असते, आणि मुलीनं तर अजून काही म्हटलेलंही नसतं, तरी ती "त्याची" ठरलेली असते. मी वर्गाला स्पष्ट सांगते की वहिनी म्हणणारा प्रत्येक जण त्रास देणाऱ्यांत मोजला जाईल. आणि त्याच मित्रांना एक काम देते. दोस्ताला नकार मिळाला तर त्याला "सोड बे, चल क्रिकेट खेळू" म्हणायचं, "बघून घेऊ तिला" म्हणायचं नाही. ऐकायला साधं वाटतं, पण चौदाव्या वर्षाच्या पोराला आई-बापापेक्षा आणि माझ्यापेक्षाही त्या चार दोस्तांचं जास्त पटतं.

ज्यांचं "जमलेलं" आहे त्यांच्यासाठी दुसरा तास. त्यात पासवर्ड मागणे, लास्ट सीन तपासणे, कोणाशी बोलली, डीपी काहून बदलला, या मैत्रिणीशी बोलू नको, हे सगळं घ्या. मुलींना याचं कौतुक वाटतं बरं का, "किती काळजी करतो". त्यांना एवढंच विचारा की त्यानं सांगितलं म्हणून तुझ्या किती मैत्रिणी कमी झाल्या. आणि फोटो. "प्रेम असेल तर पाठव" हे वाक्य जवळपास प्रत्येक शाळेत सापडतं. मुलांना कायदा स्पष्ट सांगा: अठराच्या खालच्या कोणाचाही तसला फोटो किंवा व्हिडिओ काढणं, ठेवणं, फॉरवर्ड करणं हा आयटी कायदा आणि पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) या दोन्हींत गुन्हा आहे, पाठवणारा स्वतः सोळाचा असला तरी प्रकरण पोलिसात जातं. आणि हे शिक्षकांसाठीही आहे. असा काही फोटो एखाद्या पोराच्या मोबाइलमध्ये सापडला तर "पुरावा" म्हणून स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. मी हे होताना पाहिलंय. तो फोन तसाच ठेवून एचएममार्फत पोलिसांकडे द्यायचा असतो, आपल्या मोबाइलमध्ये काही घ्यायचं नाही.

आता ती चिठ्ठी. चिठ्ठी म्हणजे पॉक्सोची केस नाही. वर्गात वाचून दाखवू नका, आणि एचएमनी ती घेऊन थेट मुलीच्या घरच्यांना बोलावू नये यासाठी शक्य तेवढं अडून बसा. आपल्याकडे चिठ्ठी घरी गेली की मुलाला दोन थपडा पडतात आणि मुलीची शाळा सुटते, किंवा मामाच्या ओळखीतलं स्थळ बघायला सुरुवात होते. ही अतिशयोक्ती नाही, महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २१ च्या फेरीत २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. मुलीशी एकटीशी बोला आणि एकच विचारा, हे तुला हवं होतं का? नको होतं असं म्हणाली तर मुलाशी बोला आणि लक्ष ठेवा. हवं होतं म्हणाली तरी तिला ओरडू नका, कारण पुढे खरंच काही बिघडलं तर तिला तुमच्याकडे यावंसं वाटलं पाहिजे.

शरीराचा भाग तिसऱ्या तासाला. इथे मी मुलं-मुली वेगळे बसवते, नाती आणि नकार मात्र एकत्रच, कारण मुलींचे ते कागद मुलांनी ऐकले नाहीत तर काही अर्थ नाही. पण वेगळं बसवणं म्हणजे मुलांना ग्राउंडवर हाकलणं नव्हे. मुलांचा तास तेवढाच महत्त्वाचा आणि मुलांना पाळी काय असते हेही कळायला हवं, म्हणजे मुलीच्या ड्रेसला डाग लागला तर ओरडणार नाहीत. पुरुष शिक्षक चांगले असतील तर मुलांचा तास त्यांनी घ्यावा. स्वतःच फिदीफिदी हसणारे असतील तर तुम्हीच घ्या, मुलांना बाईमाणसानं शांतपणे सांगितलेलं चालतं, दोन मिनिटं लाजतात आणि मग ऐकतात.

मुलींना पाळीबद्दल नुसतं "स्वच्छता ठेवा" सांगून सोडू नका. पहिली दोन-तीन वर्षं २१ ते ४५ दिवसांत कधीही येऊ शकते, पुढेमागे झाली की लगेच "हिचं काहीतरी आहे" असं नसतं हे सांगा, कारण त्यावरून घरात बोलणी खाणाऱ्या मुली असतात. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, तर शाळेत बदलायला जागा आहे का, टॉयलेटला कडी आहे का, पाणी येतं का, हे आधी स्वतः जाऊन बघा. कडी नसेल तर एचएमकडून आधी कडी लावून घ्या, मग तास घ्या. आठवड्याची निळी लोहाची गोळी मुली ओढणीत लपवून फेकतात, रिकाम्या पोटी घेऊन मळमळलं म्हणून. दुपारचं जेवण झाल्यावर द्या, प्रश्न बराचसा सुटतो.

मुलांचे प्रश्न वेगळे आणि जास्त एकाकी. झोपेत वीर्य जाणं, हस्तमैथुन, यानं कमजोरी येते, शंभर थेंब रक्तातून वीर्याचा एक थेंब होतो वगैरे जे रेल्वे लाइनच्या भिंतीवर आणि त्या तंबूवाल्या वैद्यांच्या बोर्डावर लिहिलेलं असतं ते त्यांनी पूर्ण खरं मानलेलं असतं. स्पष्ट शब्दांत सांगा की दोन्ही नॉर्मल आहे, त्यानं अशक्तपणा येत नाही, त्यासाठी कोणाकडून औषध घ्यायचं नाही. आणि एक गोष्ट जी कोणीच सांगत नाही. तेरा-चौदाच्या आसपास बऱ्याच मुलांची छाती थोडी फुगते, दुखतेही. हार्मोन्सच्या गडबडीमुळे होतं आणि साधारण सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जातं. पण तोपर्यंत तो पोरगा भर उन्हाळ्यात दोन बनियन घालतो, पीटीला पोट दुखतं म्हणून बसून राहतो, आणि वर्ग त्याला काहीबाही नावं ठेवतो. नागपूरच्या उन्हात दोन बनियन, विचार करा. मी हे सांगितलं की दर वर्गात एखादा तरी पोरगा मान खाली घालून एकदम शांत झालेला दिसतो. एवढ्या एका वाक्यासाठीही तो तास घेण्यासारखा आहे.

गर्भनिरोधन, एचआयव्ही हे आठवीत ओझरतं, नववी-दहावीत नीट. यावर शिक्षक म्हणतात की सांगितलं तर पोरं करून बघतील. युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत जगभरचे अभ्यास तपासून हेच लिहिलंय की अशा शिक्षणानं मुलं लवकर सुरुवात करत नाहीत, उलट काही ठिकाणी ती उशिरा होते. माझाही अनुभव तसाच आहे, ज्याला नीट माहिती मिळाली तो घाबरून किंवा फुशारकीनं काही करत नाही. कायदा मात्र सोबतच सांगा. अठराच्या आत दोघांची मर्जी असली तरी कायदा ती संमती धरत नाही. हे धमकीच्या सुरात नको, माहिती म्हणून.

प्रश्नांसाठी डबा ठेवा, बुटाचा खोका चालतो. एक युक्ती म्हणजे सगळ्यांनी काहीतरी लिहायचंच, प्रश्न नसेल तर "प्रश्न नाही" लिहायचं, म्हणजे कोण लिहून राहिला हे कळत नाही. त्या चिठ्ठ्या घरी नेऊन वाचा आणि पुढच्या तासाला उत्तरं द्या, वर्गात उघडल्या की एखादी मुद्दाम लिहिलेली घाण शिवी निघते आणि तासाचा विचका होतो. तशी निघाली तरी तिच्यातला खरा प्रश्न शोधा, बहुतेक वेळा असतो. आणि माहीत नसेल तर "विचारून सांगते" म्हणा, डॉक्टरांना विचारा आणि खरंच सांगा.

पालकांचं म्हणाल तर त्यांना नंतर समजावू नका, आधी बोलवा. दुपारची सभा ठेवली तर फक्त आया येतात आणि भांडायला मात्र वडील येतात, कारण ते हिंगणा एमआयडीसीत शिफ्टला नाहीतर ऑटोवर असतात. रविवारी सकाळी ठेवा. तिथे लैंगिक शिक्षण या शब्दानं सुरुवात करू नका, मोबाइलपासून करा, सगळ्यांच्याच घरात ती आग लागलेली आहे. मग सुरक्षितता. केंद्राच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासात निम्म्याहून जास्त मुलांनी, ५३ टक्के, कोणत्या ना कोणत्या प्रकारचं लैंगिक शोषण झाल्याचं सांगितलं होतं, त्यात मुलगेही होते, आणि त्रास देणारे साधारण निम्मे लोक ओळखीतले होते. हे सांगितलं की सभा शांत होते. मग सांगा की चार तासांत काय काय घेणार, कागदावर लिहून दाखवा, काही लपवू नका. कोणी म्हणालं की हे सगळं पाश्चात्त्यांचं आहे, तर र. धों. कर्वे १९२७ पासून मराठीत याच विषयांवर मासिक काढत होते हे सांगायला हरकत नाही, पण वाद घालत बसू नका. एखादे वडील अडूनच बसले तर शरीराच्या तासाला त्यांच्या मुलीला नाही बसवलं तरी चालेल, सुरक्षिततेच्या तासाला मात्र प्रत्येक मूल बसेल एवढं ठाम ठेवा. माझा अनुभव असा की दोन आठवड्यांनी त्याच घरातली आई शाळेत येऊन हळूच विचारते, मॅडम माझ्या लहानीलाही सांगाल का.

आता ज्याची खरी भीती आहे ते. सुरक्षिततेचा तास झाला की एखादी मुलगी किंवा मुलगा येऊन काही सांगणार, हे धरूनच चाला. "कोणाला सांगणार नाही" असं वचन आधी देऊ नका, कारण ते पाळता येत नाही. म्हणायचं असं की तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही, आणि ज्यांना सांगणं गरजेचं आहे त्यांनाच मी सांगेन. ऐकून घ्या, खोदून खोदून विचारू नका, कारण नंतर तिला तेच पोलिसांना आणि कोर्टात सांगावं लागतं. तिच्याच शब्दांत लिहून ठेवा, तारीख-वेळ घालून. ज्याचं नाव घेतलं त्याला बोलावून समोरासमोर करू नका. आणि एचएम सर म्हणाले की आधी आपण अंतर्गत चौकशी करू, शाळेचं नाव खराब होईल, तर त्यांना पॉक्सोचं कलम १९ आणि २१ शांतपणे दाखवा. गुन्हा झाल्याची माहिती किंवा शंका असेल तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणं हे बंधनकारक आहे, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि संस्थाप्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल दडवलं तर एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर मात्र काही कारवाई होत नाही. मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर फोन केला तरी पुढची वाट ते दाखवतात. मुलीचा जबाब शक्यतो महिला अधिकारी घेतात, युनिफॉर्म न घालता, आणि घरी येऊनही घेता येतो, हे आई-वडिलांना सांगितलं की त्यांची निम्मी भीती जाते. प्रकार ताजा असेल तर आधी सरकारी दवाखाना, म्हणजे नागपुरात मेडिकल, मेयो किंवा डागा, कारण गर्भ राहू नये आणि एचआयव्ही होऊ नये यासाठीची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकं लवकर तितकं चांगलं.

"कपड्यावरूनच हात लावला ना, एवढं काय" हे वाक्य स्टाफरूममध्ये ऐकू येईल. हायकोर्टाच्या आपल्याच नागपूर खंडपीठाचा जानेवारी २०२१ चा निकाल होता की त्वचेला त्वचेचा स्पर्श नसेल तर पॉक्सोखाली लैंगिक अत्याचार होत नाही. तो निकाल सुप्रीम कोर्टानं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द केला आणि सांगितलं की महत्त्वाचा आहे तो लैंगिक हेतू. किती मोठं, किती लहान हे ठरवणं आपलं काम नाही, कळवणं आपलं काम आहे.

तर क्रम असा धरा: आधी रविवारची पालकसभा, मग नकार, मग जमलेली नाती आणि मोबाइल, मग शरीर वेगवेगळं, शेवटी सुरक्षितता आणि कायदा, आणि त्या शेवटच्या तासानंतर तुम्ही लगेच घरी जाऊ नका, तासभर शाळेतच थांबा. सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) तुमच्या शाळेत कागदावर असेलच, २०२२ च्या जीआरनं सगळ्या शाळांना करायला लावली आहे, त्यातल्या एका सदस्य बाईंना त्या दिवशी बोलावून ठेवा म्हणजे तुम्ही एकट्या पडणार नाही.

आणि वेळ. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, पहिले पंधरा दिवस प्रवेश आणि पुस्तकवाटपात जातात, त्यामुळे जुलैच्या मध्यापासून सुरू करा, परीक्षेच्या आधी चारही होतील. दिवसाचा शेवटचा तास मागू नका, पोरांचं लक्ष घंटेकडे असतं, आणि खेळाच्या तासाच्या जागी तर मुळीच घेऊ नका, नाहीतर सगळा राग तुमच्यावर निघेल. शनिवारी सकाळची शाळा असेल तर दुसरा तास मागून घ्या.